साल्किनला सांगितलेलं

सादिरकुलने आपल्या शिकारी कुत्रीच्या, साल्किनच्या, पाठीवर दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची झूल टाकली, पोटाखालून बंद घेऊन गाठ मारली आणि उठता उठता सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की आजपासून या पोटाला कोणी हात लावायचा नाही.

घरात होत्या दोघीच. चुलीपाशी त्याची बायको कालिचा आणि दारात रिकाम्या बादल्या घेऊन उभी असलेली सून असिलकान.

"खिंडीपलीकडे आत-बाशीला जाऊन आलोय. मुकाशच्या कुत्र्याशी जमलं. पिल्लं होणार."

कालिचाने मान न वळवता नाक मुरडलं. गेला महिनाभर ती हेच ऐकत आली होती. आधी कुत्रीला जंताचं औषध झालं, मग चरबीचे तुकडे बंद झाले, कारण माजावर येण्याआधी कुत्री अंगाने सुटलेली नको. मग तिला रोज टेकडीपर्यंत चालवून आणणं झालं. उभ्या पंचक्रोशीत अस्सल शिकारी रक्ताची अशी लांब पायांची, पातळ कमरेची कुत्री दुसरी उरली नव्हती, आणि म्हातारा ते कोणाला विसरू देत नसे.

आता नवे नियम आले. साल्किनने उड्या मारायच्या नाहीत, उतारावरून धावायचं नाही, गारठ्यात फिरायचं नाही. पण साल्किन असिलकानच्या पायात पायात असायची. असिलकान झऱ्यावर गेली की ही निघाली, शेणी आणायला गेली की ही पुढे. झऱ्याच्या वाटेवर तर आता सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता. म्हणून म्हाताऱ्याने ठरवलं की पाणी तो आणील, शेणी कालिचा आणील. दुपारी कुत्री एकटी पडली की कुंपणावरून उडी मारते, तेव्हा जेवणानंतर कोणीतरी तिच्यापाशी नमद्यावर बसायला हवं. कोणीतरी म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही. त्या घरातली सून सासऱ्याचं नाव घेत नसे आणि सासरा सुनेला थेट काही फर्मावत नसे. चहा हवा असला तरी तो साल्किनलाच विचारायचा, या घरात चहा मिळतो का म्हणून.

"कुत्रीचे डोहाळे," कालिचा म्हणाली. "अहो, मी घोड्यावरून उतरले आणि तुमचा मुलगा जन्माला घातला. तेव्हा कोणी माझी बादली धरली होती?"

"तू काही शिकारीची नव्हतीस," म्हातारा म्हणाला आणि असिलकानच्या हातातल्या बादल्या घेऊन झऱ्याकडे निघून गेला.

असिलकान रिकाम्या हातांनी दारातच उभी राहिली. तिला दिवस गेले होते आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. खिंडीखालच्या कुरणावर मेंढरं घेऊन बसलेल्या नवऱ्यालाही नाही. याआधी दोनदा सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्यांदा याच झऱ्याच्या वाटेवर पाय घसरून. दुसऱ्यांदा नमद्यासाठी लोकर झोडपता झोडपता. दुसऱ्या वेळी सासू नुसती तिच्याकडे बघत राहिली होती. ती नजर तिला पुन्हा नको होती. या खेपेला पोट आपणहून दिसेल तेव्हा दिसो, तोवर तोंड उघडायचं नाही आणि एकही काम टाळायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. काम टाळलं असतं तर सासूने तेव्हाच ओळखलं असतं.

आणि कामं आपसूकच सुटत गेली. दुपारी ती साल्किनपाशी बसायची. बसल्या बसल्या आडवी व्हायची, कधी डोळा लागायचा. कुत्रीचं लांब तोंड तिच्या मांडीवर असायचं. गावात कुठे मेंढरू कापलं की म्हातारा काळीज मागून आणायचा आणि उकडायला सांगायचा. पण कुत्रीला त्यातलं थोडंच. सुरुवातीला जास्त चारलं तर पुढे विताना जड जातं, असं त्याचं म्हणणं.

"उरलेलं वाया घालवायचं नाही, साल्किन," तो दाराबाहेरून सांगायचा. असिलकान उरलेलं खायची. बऱ्याच दिवसांत तिच्या पोटात काही टिकत नव्हतं, पण ते काळीज टिकलं.

पहिला बर्फ पडला आणि त्यावर कोल्ह्यांच्या पावलांच्या रेघा उमटल्या. खालच्या आळीतले शिकारी घोड्यांवरून दाराशी आले. वर्षभर ज्या दिवसांची वाट बघायची ते हे दिवस. सादिरकुलने झुलीकडे बोट दाखवलं आणि त्यांना परत पाठवलं. ते दिसेनासे होईपर्यंत मात्र तो फाटकाशी उभा होता.

तिसरा महिना सरला. असिलकान तरीही निर्धास्त झाली नाही. चौथाही सरत आला तशी कालिचाने एकदा पीठ मळता मळता सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, उठून तिच्या हातातलं सरपण काढून घेतलं आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत बसली. धूर फार झालाय म्हणाली.

साल्किनला मात्र काहीच झालं नाही. दोन महिने होऊन गेले, म्हाताऱ्याने झूल काढली, आणि आत तीच पातळ कमर, तेच आत गेलेलं पोट. बातमी गावभर झाली. ज्याच्याकडे लोक आपल्या कुत्र्या तपासायला आणायचे, त्याला स्वतःची कुत्री कळली नव्हती. दुकानाशी उभी असलेली माणसं त्याला विचारायची, की निदान झुलीला तरी पिल्लं झाली का. त्या हिवाळ्यात एकही माणूस त्याच्याकडे कुत्री घेऊन आला नाही. सादिरकुल टोपी पुढे ओढायचा आणि म्हणायचा, चूक झाली, वय झालं. असिलकानला त्याची फार कीव यायची.

वसंतात तिला मुलगा झाला. बाळाचा चाळिसावा दिवस आला तेव्हा कुरणं हिरवी झाली होती. रीत अशी, की गावातल्या म्हाताऱ्यांच्या कपड्यांच्या चिंध्या जोडून शिवलेलं बाळाचं पहिलं झबलं त्या दिवशी उतरवायचं, त्यात मिठाई बांधायची, ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं आणि कुत्रा सोडून द्यायचा. मग गावभरच्या पोरांनी त्याच्यामागे धावायचं. झबलं कोणाच्या गळ्यात बांधायचं हा प्रश्नच नव्हता.

आत-बाशीहून मुकाशही आला होता, कोकरू घेऊन. असिलकान चहा ओतत होती, तेव्हा तो तिला म्हणाला,

"सूनबाई, तुझ्या सासऱ्याला सांग, यंदा तरी कुत्री लागू दे म्हणावं. माझा कुत्रा म्हातारा होत चाललाय."

"गेल्या वर्षी आणली होती ना त्यांनी," असिलकान म्हणाली.

"आणली होती कसली. दोन दिवस राहिला, माझं मटण खाल्लं, आणि तिची दोरी काही हातातून सोडली नाही. कुत्री चांगली माजावर, माझा कुत्रा दाराशी रडतोय. मी म्हटलं, अरे, मग आलास कशाला? तर म्हणतो, यंदा नको. यंदा तिला घरी काम आहे." मुकाशने खाली पाहिलं. "काय गं, मला घालवतेस की काय?"

चहाची वाटी काठोकाठ भरली होती. पाहुण्याला वाटी अर्धीच द्यायची, भरून दिली म्हणजे आता ऊठ, हे तिथल्या लहान पोरीलाही कळतं. असिलकानने माफी मागितली, वाटी परत घेतली आणि ओतून टाकायला बाहेर गेली.

बाहेर सादिरकुल गुडघ्यांवर बसून साल्किनच्या गळ्यात झबलं बांधत होता. भोवती पोरांचा गलका. त्याने कुत्रीच्या कानात काही सांगितलं आणि सोडलं. साल्किन वाऱ्यासारखी सुटली, पोरं ओरडत मागे. म्हातारा तोंडभर हसत होता. रिकामी वाटी हातात धरून असिलकान तिथेच उभी राहिली. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण जाऊन बोलायचं काय आणि कोणत्या तोंडाने, तेही सगळ्या गावासमोर. ती आत गेली. त्या दिवशी तिने चहा पुन्हा कोणाला काठोकाठ भरून दिला नाही.

शरदात साल्किन माजावर आली. सादिरकुलने घोड्यावर खोगीर चढवलं. खिंडीत वारा बोचरा होता, म्हणून असिलकान घरातून झूल घेऊन आली. तिच्या पाठीवर बाळ झोपलं होतं. तिने स्वतः कुत्रीवर झूल घातली, बंद बांधला आणि तिच्यापाशी खाली बसून, सासऱ्याकडे पाठ करून, जरा मोठ्यानेच बोलली.

"साल्किन, परत आलीस की तुला काही करायचं नाही. दुपारची मी बसेन तुझ्यापाशी. शिजवेन, भरवेन. कोणाला हात लावू देणार नाही." तिने गाठ आणखी आवळली. "मला सगळं कळलंय, साल्किन. जन्मभर विसरणार नाही."

मागे घोड्याने खूर आपटला. सादिरकुल खोगिराचा पट्टा ओढत होता, जो मघाशीच ओढून झाला होता. मग तो आला, कुत्रीपाशी वाकला, असिलकानने मारलेली गाठ त्याने सोडली आणि पुन्हा बांधली, चांगली चार बोटं सैल.

"ह्या खेपेला जागा लागेल, साल्किन," तो म्हणाला.