काट्यांचं कडं

ही गोष्ट कुणालाही सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही. ज्याच्या कोटाला, दाढीला आणि चर्चमधल्या त्याच्या ठरलेल्या बाकालासुद्धा वामेचा, त्या सापासारख्या लांब माशाचा, वास यायचा, असा हाडाचा कोळी भर जेवणावळीत तळलेल्या वामेचे तुकडे आपल्या गमबुटात टाकत बसला होता. गरमागरम, लोण्यात तळलेले. एकेक तुकडा घसरत घोट्यापाशी पोचला की तो डोळे मिटून हुंकार द्यायचा, आणि शेजारच्याला वाटायचं, काय चव घेऊन खातोय गडी.

त्याचं नाव लाउरिड्स. बेटावर त्याच्यासारखा थापाड्या दुसरा नव्हता. एका वर्षी वाम इतकी दाटली की फेरीबोट धक्क्याच्या अलीकडेच अडली, आणि उतारू माशांच्या पाठीवरून चालत गावात आले, पाद्रीबुवांचे तेवढे मोजे भिजले, हे त्यानेच सांगितलेलं. चर्चच्या घंटेचा दोर तुटला तेव्हा आठवडाभर तिथे एक जिवंत वाम टांगली होती, आणि ती वळवळली की आपोआप प्रार्थनेची वेळ व्हायची, हेही त्याचंच. लोक हसायचे, त्याला प्याला भरून द्यायचे. खोटं आहे हे त्यांना ठाऊक, त्यांना ठाऊक आहे हे त्याला ठाऊक, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नसे. पण त्या रविवारी दुपारी पहिल्यांदाच असं झालं होतं की लाउरिड्सची थाप लोकांना खरी वाटणं भाग होतं.

उन्हाळा सरला, अंधाऱ्या रात्री जवळ आल्या, की वाम किनाऱ्याकिनाऱ्याने मोठ्या समुद्राकडे निघते. त्याच्या आधीच्या एका रविवारी सगळे कोळी खानावळीत जमतात. तळलेली वाम, दुधाच्या दाट रश्शातले बटाटे, काळा पाव आणि बर्फासारखी गार स्नाप्स दारू. प्रत्येक तुकड्याचं मांस खायचं आणि मधला काटा ताटलीच्या काठावर ठेवायचा, त्याला लागून पुढचा, त्याला लागून त्याच्या पुढचा. फिरत फिरत शेवटचा काटा पहिल्याला येऊन भिडला की कडं पुरं झालं. मग माणूस पोट भरून उठतो.

हे झालं पाहुण्यांना सांगायचं. बेटावरची खरी गोष्ट अशी की होडीचा प्रमुख, तांडेल गुडमुंड त्या दिवशी ताटल्या बघत फिरायचा आणि कुणाचं कडं पुरं, कुणाचं अर्धं, ते मनाशी धरायचा. जो खात नाही तो ओढत नाही, असं तो हसत हसत म्हणायचा, आणि समुद्रात खांबांना बांधलेली जाळी ओढायला होडीत कोण बसणार हे त्या हसण्यातच ठरून जायचं. गेल्या वर्षी विलाड्सने अर्ध्या कड्यावर तोंड पुसलं आणि सकाळी न्याहारी जड झाली म्हणाला. लाउरिड्सने तिथल्या तिथे एक किस्सा रचला. विलाड्सने न्याहारीला काय काय खाल्लं त्याची यादीच सांगितली, त्यात शेवटी शेजाऱ्याचं वासरू आणि त्याची घंटा होती. टेबलावर मुठी आपटून लोक हसले. विलाड्सही हसला. पानगळीपर्यंत तो किनाऱ्यावर बायकांच्या ओळीत बसून फाटकी जाळी विणत होता, आणि होडी निघाली की मान वर करायचा नाही.

लाउरिड्सला आता ती न वर झालेली मान दिसायची. कारण वसंतापासून त्याच्या घशाखाली तेलकट घास उतरेना. बिअरमध्ये शिजवलेली काळ्या पावाची पेज जायची, ताक जायचं, पण तळलेल्या वामेचा वास आला की पोटात ढवळून यायचं. जिच्यावर सारा जन्म काढला तिच्याच वासाने आपण नाक फिरवतो, याची त्याला जी लाज वाटायची ती कुठल्याही आजाराची वाटली नसती. दाढदुखी असती तर चारचौघांत सांगता आली असती.

बायकोलाही त्याने सांगितलं नाही. पेट्रेआ कुणाला बोलली नसती, पण त्याने होडीत जाऊ नये म्हणून तिने त्याचे गमबूट लपवून ठेवले असते. ती त्याच्या वाट्याचे तुकडे पत्र्याच्या डब्यात भरून द्यायची. जाळ्यांच्या खोपीत निवांत खातो, असं म्हणून तो डबा घेऊन निघायचा आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन सगळे तुकडे काट्यासकट सीगल पक्ष्यांना उडवायचा. ते झेलायचेसुद्धा हवेत. मग रिकामा डबा घेऊन घरी यायचा आणि म्हणायचा, झकास झाली होती. पेट्रेआ खूश व्हायची. ती खूश झाली की त्याला आपल्या बुटांकडे बघावंसं वाटायचं.

सणाचा दिवस जवळ आला तसं त्याने काटे जमवायला घेतले. पेट्रेआ आपलं जेवण झाल्यावर ताटलीतले काटे कोंबड्यांच्या बादलीत टाकायची. तिची पाठ वळली की तो बादलीत हात घालायचा, काटे निवडायचा, पंपाखाली धुवायचा आणि तंबाखूच्या डबीत ठेवायचा. एकदा ती अचानक मागच्या दारातून आली. बादलीत काय शोधतोयस म्हणून तिने विचारलं. थापांचा राजा, पण त्याला त्या वेळी सुचलं ते एवढंच, की पाईपची नळी पडली. ती लगेच गुडघ्यांवर बसली आणि साली, कोंडा, उष्टं असं सगळं हाताने चिवडून ती नळी शोधू लागली. नळी त्याच्या खिशात होती. तो खिशावर हात ठेवून उभा राहिला. हात कोपरापर्यंत भरल्यावर तीच म्हणाली की कोंबड्यांनी गिळली असणार, आणि दोन दिवस ती कोंबड्यांकडे काळजीने बघत होती.

त्या रविवारी लाउरिड्स गमबूट घालून खानावळीत शिरला तेव्हा बाकी सगळे घासूनपुसून काळ्या बुटांत आले होते. समुद्र आतपर्यंत येणार असल्याची खबर आहे का, असं कुणीतरी विचारलं. त्याने पायाच्या सुजेचं सांगितलं. गुडमुंड म्हणाला की सूज असेल तर कडं मोठं लागेल, आणि तो हसला. लाउरिड्सही हसला, पण ते हसू त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

तो मुद्दाम टेबलाच्या भिंतीकडच्या अंगाला बसला. समोर विलाड्स होता. त्या वर्षीही त्याला बोलावलं होतं, कारण न बोलावणं वाईट दिसलं असतं. आत स्वयंपाकघरात पेट्रेआ आणि खानावळवाली मिळून वाम तळत होत्या आणि परातीमागून परात बाहेर येत होती. लाउरिड्सने पहिला तुकडा खरोखर खाल्ला. तो कुठल्याही क्षणी वर येईल अशा बेताने घशात थांबला. स्नाप्सने त्याला खाली लोटला. मग मात्र लाउरिड्सचा उजवा हात काट्याचमच्याने ताटलीत खेळू लागला आणि डावा हात टेबलाखाली कामाला लागला. तुकडा बुटात. डबीतला काटा खिशातून मुठीत, मुठीतून ताटलीतल्या रश्शात बुडवून ओला, आणि मग काठावर.

लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून तो बोलत होता. लोकांना त्या दिवशी त्याने काय काय सांगितलं नाही. आजोबांनी वामेच्या कातड्याचा पट्टा केला होता, तो अमावास्येला कमरेवरून सुटून समुद्राकडे निघायचा आणि आजोबांना विजार धरून मागे धावावं लागायचं. ऐकणारे घास तोंडाशी धरून हसत होते. बुटात लोणी गार होऊन पायाला चिकटत होतं. कडं पाव झालं, अर्धं झालं.

अर्ध्यावर असताना मुठीतला एक काटा सटकून टेबलावर पडला. कोरडा काटा, खटकन आवाज झाला. विलाड्सने तो पाहिला. मग त्याने लाउरिड्सच्या हाताकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातून याच बाजूला येणाऱ्या गुडमुंडकडे पाहिलं. त्याने बटाट्यांचं मोठं भांडं उचललं आणि लाउरिड्सच्या ताटलीपुढे आणून ठेवलं. गुडमुंडला पलीकडून फक्त वाफ दिसली.

"घे बटाटे," विलाड्स हळूच म्हणाला. "सावकाश होऊ दे. मी आहे इथे."

त्याने टोमणा मारला असता तर लाउरिड्सला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर असतं. वासराच्या घंटेपर्यंत ज्याची यादी आपण केली, तो आपल्यासाठी बटाट्यांचं भांडं धरून बसलाय, याला काय उत्तर द्यायचं? त्याची मान खाली गेली आणि तशीच खाली ठेवून तो काटे मांडत राहिला. थांबला मात्र नाही, तेही सांगायला हवं. होडीतली जागा त्याला हवीच होती.

शेवटचा काटा पहिल्याला भिडला. सगळ्यांच्या आधी. गुडमुंडने चमचा प्याल्यावर वाजवला. पहिलं कडं पुरं झालं की जिने तळलं तिला बाहेर बोलावून मानाची स्नाप्स द्यायची, अशी रीत. पेट्रेआ आली. चेहरा आचेने लाल, हात एप्रनला पुसत. नवऱ्याचंच कडं आधी पुरं झालेलं बघून तिचे डोळे असे चमकले की त्याला टेबलाखाली बुटांच्या सोबतीला जावंसं वाटलं. गेले कित्येक महिने तिला काहीतरी कळत होतं, भीती वाटत होती, आणि आता ती भीती उतरली होती, हे त्याला स्पष्ट दिसलं.

गुडमुंडने तिचा प्याला भरला, लाउरिड्सच्या पाठीवर थाप मारली, आणि होडीत पुढची जागा तुझीच असं म्हणायला तोंड उघडलं. पण ताटलीवर नजर जाताच तो वाकला. चष्मा लावला. परत वाकला.

"लाउरिड्स," तो म्हणाला, "सगळे शेपटीकडचेच काटे कसे रे तुझ्याकडे?"

मग सगळेच वाकले. बाकीच्यांच्या ताटल्यांत काटे जाड होते, बोटभर रुंद, कंगव्यासारखे. लाउरिड्सचं कडं मात्र विणायच्या सुयांचं केल्यासारखं दिसत होतं, बारीक, टोकाला निमुळतं होत गेलेलं.

लाउरिड्सनेही पाहिलं. धुताना, पुसताना इतक्यांदा हातात घेतलेले ते काटे, पण त्याला एवढंच वाटलं होतं की बरं झालं, बारीक आहेत, डबीत मावतात. आता त्याला घरचं टेबल दिसलं. लग्नापासून रोज पेट्रेआ त्याला वाढायची, मग समोर आपली ताटली घेऊन बसायची. तो बोलायचा, ती ऐकायची. तिच्या ताटलीत काय असतं ते बघायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्या क्षणी तो उठला असता, गमबूट उलटे करून सगळे तुकडे टेबलावर ओतले असते, तरी लोकांनी त्याला माफ केलं असतं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, होडीतली पुढची जागा अजून गुडमुंडच्या ओठांवर होती, आणि जिभेला जुनी सवय.

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," तो म्हणाला.

लोक सैल झाले. खुर्च्या पुढे सरकल्या.

त्याने सांगितलं की गेल्या वादळात एका वामेचं डोकं फेरीबोटीच्या पंख्यात गेलं. दुसरी असती तर मेली असती, पण ही जिद्दीची. डोक्याच्या जागी तिला दुसरी शेपटी फुटली. तेव्हापासून ती दोन्हीकडे पोहते आणि कुठे निघालोय हे तिला कळत नाही, म्हणून बिचारी आपल्या बेटाभोवती फिरत राहिली आणि शेवटी आपल्याच जाळ्यात शिरली. तीच आज नेमकी त्याच्या वाट्याला आली. दोन टोकांच्या दोन शेपट्या, मध्ये काही नाहीच.

गुडमुंडच्या मिशा हलल्या. कोपऱ्यातून हसू फुटलं आणि टेबलभर पसरू लागलं. विलाड्सने सुस्कारा सोडला. एवढ्यावर निभावलं असतं. पण लाउरिड्सला थापेला साक्षीदार द्यायची सवय होती, आणि तो वळला तो नेमका तिच्याकडेच.

"पेट्रेआला विचारा. तिनेच तर तळली."

पेट्रेआने प्याला खाली ठेवला. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. तिने कड्यातला एक काटा उचलला, अंगठ्याने त्यावरचा रस्सा पुसला, आणि तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. हसू एकेका तोंडावरून ओसरत गेलं. दाराशी उभी असलेली खानावळवाली परात घेऊन तशीच थांबली.

"आज तव्यावर एकही शेपटी पडलेली नाही," पेट्रेआ म्हणाली. "शेपट्या सगळ्या आत सुपाच्या भांड्यात आहेत, मी स्वतः टाकल्यात. हे काटे माझ्या ताटलीतले आहेत, लाउरिड्स. मधले तुकडे मी तुला देत होते."