अस्सल लोखंडाच्या पिना

होबर्ट ट्रिव्हेटची बंदूक थंडीतच पुरी व्हायची, पण पिनांवर घोडं अडलं. ठासणीची लांब बंदूक, मेपलच्या लाकडाचा दस्ता, आणि नळी त्यात अशी चोख बसलेली की मधे केस जाऊ नये. आता ही नळी दस्त्यात धरून ठेवायची तर तिच्या पोटाला लोखंडी कान लावायचे, कानांना भोकं पाडायची आणि लाकडातून आरपार चार बारीक पिना ठोकायच्या. ठोकल्यावर त्यांची टोकंसुद्धा धड दिसत नाहीत. आमच्या डोंगरातले लोक त्यासाठी लायलच्या दुकानातून पोलादी तार आणतात, तुकडे पाडतात आणि जेवायला बसतात.

होबर्टला ते कसं चालावं? एक तर लायल त्याचा सख्खा मेव्हणा. आणि त्याच्या तारेच्या पिनांना होबर्ट चारचौघांत खो खो हसलेला.

खरं दुखणं गार्लंडकाकांचं होतं. सगळ्या खोऱ्याला बंदूक घडवायला शिकवणारा हा म्हातारा बोलायला भारी कंजूष. कुणाचीही बंदूक हातात आली की आधी पिना ठोकून काढायचा, नळी उचलून पोट बघायचा, मगच तोंड उघडायचा. मनासारखी असली तर "चांगलं काम आहे." नसली तर "उडेल," म्हणजे बार निघेल, एवढंच. होबर्टच्या आजवरच्या प्रत्येक बंदुकीला 'उडेल' मिळालं होतं. लायलला मात्र एकदा 'चांगलं' मिळालं, तेही तारेच्या पिनांसकट. तेव्हापासून होबर्टच्या पोटात जे दुखत होतं ते काही थांबेना. आणि आता काका कायमचे मुलीकडे फ्लोरिडाला निघालेले. जायच्या आदल्या दिवशी दुपारी होबर्टकडे जेवायला येणार होते. म्हणजे तो शब्द मिळाला तर तेव्हाच, नाहीतर कधीच नाही.

होबर्टने ठरवलं, पिना जुन्या घडीव लोखंडाच्याच. काकांच्या घरी भिंतीवर त्यांची पहिली बंदूक टांगलेली असे, तिच्यात तसल्याच पिना असणार अशी त्याची लहानपणापासूनची खात्री. कुंपणाची तार पाहिली, ती कालपरवाची निघाली. चर्चच्या पडलेल्या दाराच्या बिजागऱ्या मागितल्या, तर पाद्रीबाबा म्हणाले, "दार पडलंय रे, देव अजून आत आहे." असा सगळीकडून हात हलवत परत आलेला होबर्ट स्वयंपाकघरात घेवडा गिळत बसला होता, तेव्हा त्याची नजर फडताळावर गेली.

फडताळ त्याच्या बायकोच्या, व्हर्डीच्या पणजीचं. बैलगाडीतून डोंगर ओलांडून आलेलं. मागच्या फळ्यांना पणजीच्या बापाने स्वतःच्या भट्टीत घडवलेले खिळे. व्हर्डी त्याला दर वसंतात स्वतःच्या हाताने पुसायची, होबर्टला हातही लावू द्यायची नाही.

व्हर्डी गोधड्या शिवायला चर्चमध्ये गेली आणि होबर्टने फडताळ पुढे ओढलं. चार खिळे उपटले, त्यांच्या टोप्या कापल्या आणि टोप्या सरसाने पुन्हा जागच्या जागी चिकटवल्या. उरलेलं लोखंड कानशीने घासून गोल केलं. चारच तर खिळे, असं तो मनाशी म्हणत राहिला, आणि म्हणता म्हणता त्याला ते पटलंही.

काका आले. टेबलावर घेवडा, मक्याची भाकरी, सफरचंदाचा मुरंबा. पण काकांनी आधी बंदूकच घेतली. खिशातून पिना ठोकायचा पंच काढला, बारीक हातोडीने टक टक केलं आणि पिन तळहातावर घेतली. अंगठ्याने दाबून वाकवली. मोडली नाही.

"चांगलं आहे," काका म्हणाले.

होबर्टच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

"लोखंड म्हणतोय मी. कुणाच्या हातचं?"

"असंच. जुनं होतं कुठलंतरी."

"कुठलंतरी कसं? या खोऱ्यात असं लोखंड एकच माणूस घडवायचा. ॲब्सलम. आपल्या व्हर्डीच्या पणजीचा बाप."

व्हर्डीने भाकरीचा तवा खाली ठेवला. फडताळामागे हात घातला आणि नखाने चाचपत राहिली. हात बाहेर आला तेव्हा बोटांत खिळ्याची टोपी होती. ती ओरडली असती तर होबर्टला बरं वाटलं असतं.

"किती?"

"चार."

"आणि टोप्या चिकटवल्यास."

"हो."

"म्हणजे बंदूक अस्सल झाली आणि माझं फडताळ नकली. शाबास रे माझ्या वाघा."

"काकांसाठी केलं गं. त्यांच्या त्या भिंतीवरच्या बंदुकीत घडीव पिना आहेत ना, म्हणून."

"कोण म्हणालं तुला?" काकांनी विचारलं. "सायकलचे स्पोक आहेत ते. माझ्या थोरल्या भावाने सायकल उतारावरून नाल्यात घातली, तेव्हाचे. अरे, पिनेनं धरून ठेवायचं आणि सांगितलं की निमूट बाहेर यायचं. याच्यापलीकडे तिला काम काय?"

इतकी वर्षं होबर्ट त्या बंदुकीपुढे टोपी काढून उभा राहायचा. सायकलच्या स्पोकांपुढे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझे खिळे मला परत हवेत," व्हर्डी म्हणाली. "जेवणाआधी."

पण खिळे आता खिळे कुठे राहिले होते? घासून बारीक झालेले, जुन्या भोकांत खुळखुळायला लागले. होबर्टने बाकीच्या तीन पिनाही बंदुकीतून ठोकून काढल्या, दस्त्याचं उरलेलं मेपल आणलं आणि चाकूने त्याच्या काडीहून पातळ कपच्या काढल्या. पालथा पडून, फडताळाच्या पाठीशी नाक लावून, एकेका भोकात त्या चारी बाजूंनी बसवल्या, मधे पिन ठोकली, वर आलेलं लाकूड सपाट तासलं. मान अवघडली, घेवडा गार झाला. काका खुर्ची ओढून बघत बसले. यावेळी होबर्टला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, नुसतं व्हर्डीच्या नजरेला नजर देता यायला हवी होती.

काका उठले. फळीला हात लावून हलवून पाहिली. ती हलली नाही. जोडावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले.

होबर्ट जमिनीवरच बसून राहिला. फडताळ भिंतीला लागलं की हे काम जन्मात कुणाला दिसणार नव्हतं. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आणि बंदूक, काका?"

काकांनी टेबलावरच्या सुट्ट्या नळीकडे पाहिलं, मग भाकरी मोडली.

"उडेल. आधी पिना घाल तिला."

"लायलचं दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं," व्हर्डी म्हणाली आणि त्याच्या ताटात गार घेवडा वाढला.