माझ्या पाठीवरचं ‘पुन्हा या’

मी पत्र्याचा फलक बोलतोय. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीत भिंतीला टेकून उभा आहे. येणारे-जाणारे मला वाचतात नि नाक मुरडतात. मुरडोत बापडे! माझ्यावर लिहिलंयच तसं : ‘मुंबईकरांना गावात प्रवेश बंद. मागे फिरा.’

पण मुळात मी असा नव्हतो हो. याच गॅलरीत गुणाजी पेंटरने मला रंगवलं. कोकणातल्या त्याच्या गावाला इथल्या मुंबई मंडळाची भेट म्हणून. पुढे लिहिलं ‘सुस्वागतम’. मागची बाजू कोरीच राहिली, तेव्हा त्याची बायको जाईबाई म्हणाली, “अहो, जाणाऱ्याला काहीच नको? ‘पुन्हा या’ लिहा की.”

“तूच लिही,” गुणाजी हसला.

तिने खरंच पदर खोचला आणि लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी, पण जीव ओतून.

मग मी गावच्या फाट्यावर उभा राहिलो. गणपतीला गाड्या भरभरून माणसं यायची, मला बघून पोरं ओरडायची. एरवी मी एकटाच. त्याची सवय झाली होती.

पुढे ती साथ आली. गावाने ठरवलं आणि गुणाजीच्या धाकट्या भावाने, आनंदा नाव त्याचं, माझं ‘सुस्वागतम’ पांढऱ्या रंगाने झाकून वर ही बंदी लिहिली. दोनदा ब्रश खाली ठेवला त्याने. पण लिहिलंन मेल्याने!

मे महिन्यात टेम्पोतून दोघं उतरली, गुणाजी आणि जाईबाई. चाळीत शेजारच्या तीन खोल्या सील, संडास सगळ्यांना मिळून एकच. म्हणून घरी निघाली होती. रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोरीपलीकडे आनंदा तोंडाला पंचा बांधून उभा.

“दादा, गावान ठरवल्यान. मी एकटो काय करू?”

“अरे, शाळेत ठेव चौदा दिवस. गोठ्यात ठेव!”

आनंदाने दोरीची गाठ सोडली नाही.

जाईबाई भांडली नाही. मिरची गल्लीतून कुटून आणलेल्या मसाल्याची पिशवी तिने माझ्या पायाशी ठेवली. “तीन दिवस उन्हात रवांदे, मगच उचल हां,” म्हणाली. टेम्पो तिथूनच वळला. तिचं ‘पुन्हा या’ गावाच्या बाजूला होतं. तिला ते दिसलंच नाही. मला बोलता आलं असतं तर बोंब मारली असती.

चौथ्या दिवशी आनंदाने पिशवी उचलली. तीन आठवड्यांनी त्याला माझ्यापाशीच फोन आला. रेंज काय ती फाट्यावरच. जाईबाई त्या साथीतच गेली होती. मला धरून तो ढसाढसा रडला.

पुढे गावाने फाट्यावर कमान बांधली. आनंदा मला घेऊन इथे आला. “दादा, तुझ्या हातान पूस ह्या. आणि घराक चल.”

“ठेव तिथे,” गुणाजी एवढंच म्हणाला. आनंदा दारातूनच परत गेला.

तेव्हापासून मी इथे. गुणाजी रोज समोर खुर्ची टाकतो, ती बंदी वाचतो आणि आत जातो. दर रविवारी आनंदाचा फोन वाजतो, वाजून वाजून थांबतो. फार एकटं वाटतं रे तेव्हा.

गुणाजी, राग धर, तुझा हक्कच आहे. ही अक्षरं पुसूही नकोस. फक्त एकदा मला उलटा कर, बाबा. माझ्या पाठीवर जाईबाईने काय लिहिलंय ते वाच, आणि मग ठरव फोन उचलायचा की नाही.