कोरडी भिंत

रांजणगावच्या एका कारखान्यात धम्मदीप पेंट बूथ, म्हणजे रंग फवारायची बंद खोली, सांभाळायचा. बूथमधली हवा जरा दमट झाली की रंगावर पांढरट झाक यायची आणि अख्खा लॉट बाद व्हायचा. एका पावसाळ्यात तसं झालं नि साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा बहाद्दर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. बूथचं दार कुणी क्षणभर उघडं ठेवलं तरी मास्कमधून ओरडायचा.

कारेगावात त्याची भाड्याची खोली होती. बायको गौतमी बाळंतपणाला यवतला, माहेरी. ती तान्ह्या पोरीला घेऊन येणार, म्हणून गड्यानं खोलीचाही बूथ केला. खिडकीच्या फटींना मास्किंग टेप चिकटवली. भर पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. तिच्यावरून हात फिरवत तो एकटाच खूश व्हायचा.

गौतमी आली. भात शिजला, पोरीच्या अंघोळीची वाफ झाली, दुपट्यांची दोरी आतच बांधली गेली. हां हां म्हणता भिंतीला घाम फुटला. बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ओल दिसली, तसा धम्मदीप बिथरला.

"दुपटी आत नको वाळवूस."

"मंग पावसात कुठं वाळवू? खिडकी तरी उघडा. पोर खोकतीय."

"न्हाई उघडायची. भाईरची हवा वली हाय."

बूथमध्ये हवा खेळवायला भलीमोठी यंत्रं असतात. इथं होता नुसता याचा हट्ट. कामावरून आला की आधी भिंतीला हात लावायचा, मग पोरीला. गौतमीनं ते पाहिलं आणि पिशवी भरली.

"आमी दोघी श्वास घेतो, म्हणून वल येती," ती म्हणाली. "ऱ्हावा तुमी कोरडं."

पाऊस थांबला की येईल, या भरवशावर त्यानं तिला यवतच्या एसटीत बसवून दिलं.

पावसाळा सरल्यावर तो आणायला गेला. पोरीचा खोकला थांबला होता. तिनं बापाला ओळखलं नाही, आजीला बिलगली. गौतमीनं चहा दिला आणि म्हणाली, "आमी न्हाई येत आता."

खोलीवर परतला तेव्हा भिंत ठणठणीत वाळलेली होती. त्याला ती बघवेना. त्यानं स्टोव्ह पेटवला, पातेलंभर पाणी चढवलं आणि झाकण न ठेवता उकळत ठेवलं. भिंत हळूहळू ओलसर झाली. तिला गाल लावून तो पोरीच्या नावानं रडला.