पाच अक्षरं, त्यात आर

घड्याळ हातात असलं की घड्याळवाल्याइतका सोशिक माणूस शोधून सापडला नसता. केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसेपर्यंत तो दुकानात तासभर मान वर करायचा नाही. पण बायकोचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्याला जन्मात जमलं नाही. ती "अहो, उद्या येताना जरा..." म्हणाली की हा "आणतो, आणतो" म्हणून मोकळा. काय आणायचं ते दुसऱ्या दिवशी दारातून परत येऊन विचारायचा.

बायको रात्रशाळेत इंग्रजी शिकवायची आणि हा तिच्या वर्गातला सगळ्यात ढ विद्यार्थी. लग्न झालं तरी तो तिला बाईच म्हणत राहिला, आणि वर्ग तेवढा शाळेतून घरच्या टेबलाशी आला. जेवणं उरकली की दोघं समोरासमोर बसत. एकाने आकडा आणि अक्षर द्यायचं: पाच अक्षरं, त्यात आर. मग आळीपाळीने शब्द. ब्रेड, चेअर, रिव्हर, पेपर. ज्याला सुचायचं थांबलं त्याने तळवा टेबलावर दोनदा टेकवायचा. टेकवला की डाव संपला. हरलेल्याने चहा करायचा आणि जिंकलेल्याने तोंड उघडायचं नाही. अजून एक आठव, असं का केलंस, असलं काही विचारायचं नाही. "हरलेल्याला छळू नये" हा बाईंचा वर्गातलाही नियम होता.

बाईंकडे शब्दांना तोटा नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर तळवा टेकवायची वेळ कधी आलीच नाही. आणि घड्याळवाल्याचं म्हणजे पडलो तरी नाक वर. मनाने शब्द बनवायचा, जगात नसलेल्या शब्दासाठी भांडायचा, पण तळवा टेकवायचा नाही. शेवटी जिंकलेल्या बाईच हसत उठून चहा ठेवायच्या. इतकी वर्षं तसंच चाललं.

मग बाईंचे स्नायू एकेक करून संपावर गेले. आधी पाय, मग जीभ, आता श्वास. बुद्धी लख्ख होती, मानेला आणि उजव्या हाताला थोडी हालचाल होती. इस्पितळाने इंग्रजी अक्षरं आणि आकडे छापलेली पाटी दिली. बाईंनी बोट अक्षरावर न्यायचं, समोरच्याने वाचायचं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गळ्याला भोक पाडून यंत्र जोडलं तर श्वास चालेल, पण मग यंत्र कायमचं. नाही जोडलं तर दिवस थोडे. "निर्णय त्यांचा आहे, काका. मला त्यांच्याकडूनच कळायला हवं." त्यांनी बाईंना विचारलं, तेव्हा बाईंनी मान हलवली नाही. नवऱ्याकडे पाहिलं आणि बोट पाटीवर ठेवलं. दुसऱ्या अक्षरालाच घड्याळवाला म्हणाला, "हो म्हणतेय. माझी बाई हार मानणारी नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मी परत विचारेन."

त्या संध्याकाळी बाईंनी पुन्हा पाटी मागितली. बोट जेमतेम दोन अक्षरं सरकलं.

"वॉटर!" घड्याळवाला म्हणाला आणि ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांना लावला. मग कौतुकाने नर्सकडे पाहिलं. "सगळं सांगावं लागत नाही. अर्ध्यातच कळतं मला."

नर्स उशीची खोळ बदलत होती. तोंडाची फटकळ, मनाची बरी. "काका, राग मानू नका. ही पाटी आल्यापासून मी बघतेय. तुम्ही त्यांना एक शब्द पुरा करू दिलेला नाही. त्यांना तहान लागलीये का तुम्हाला?"

ती खोळ घेऊन निघून गेली. घड्याळवाला बोळा हातात धरून बसला. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी भीती. बाईंना काय म्हणायचं आहे हे आपल्याला खरंच माहीत नसेल तर? की माहीत आहे, म्हणूनच आपण मध्ये तोंड घालतोय? त्याने बोळा खाली ठेवला आणि खुर्ची ओढून तो अगदी समोर बसला, घरी बसायचा तसा.

"बाई, डाव मांडू या," तो म्हणाला. "आज मध्ये बोलणार नाही. शपथ." आणि सोपं म्हणून नेहमीचंच दिलं. "पाच अक्षरं, त्यात आर."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ. वॉटर, ट्रेन, चेअर, सगळे शब्द याच्या जिभेवर येऊन उभे राहिले, पण त्याने ओठ घट्ट मिटले. बाईंचं बोट पाटीवर कुठल्याच अक्षराकडे गेलं नाही. त्यांनी हात सपाट केला, कष्टाने उचलला आणि तळवा पाटीवर टेकवला. पुन्हा उचलला. पुन्हा टेकवला.

"अगं, येतं तुला!" त्याच्या तोंडून गेलंच. "ब्रेड आहे, रिव्हर आहे, शेकड्याने आहेत! एक तरी..."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर वर्गातली होती. नियम मोडणाऱ्या मुलाकडे बघावं तशी. घड्याळवाल्याने वाक्य अर्ध्यातच सोडलं. त्याने तो हात दोन्ही हातांत धरला आणि पोराटोरासारखा रडला. का, असं मात्र विचारलं नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. घड्याळवाला खिडकीशी जाऊन उभा राहिला, तोंडावर हात ठेवून. बाईंनी मान हलवली. नाही. आणि मग पाटीवर सावकाश, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, 'होम' हा शब्द पुरा केला. घर. कुणी मध्ये बोललं नाही.

घरी आल्यावर लेकीने आईची खाट टेबलाजवळ लावून दिली. ती वडिलांवर धुसफुसत होती, "बाबा, तुम्ही तिला समजवायचं तरी होतं!" तो म्हणाला, "तिने मला समजावलं," आणि एवढ्यावरच थांबला.

जेवणं उरकली. त्याने पाटी बाईंच्या हाताखाली सरकवली. बाईंनी पाचचा आकडा दाखवला, मग आर. डोळे हसत होते.

त्याला कितीतरी येत होते. नियमातले, खरेखुरे शब्द, सगळे त्यांनीच शिकवलेले. त्याने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तळवा टेबलावर दोनदा टेकवला, आणि चहा करायला उठला.