रोज ‘हो’ म्हणणारं यंत्र

वर्ष संपत आलं की कुणी कपाट आवरतं, कुणी सिगारेट सोडायचं ठरवतं. शुभारंभ लेख लिहायला बसायचा. शुभारंभ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या मंडळींनी ते ठेवलं होतं, कारण त्याने सुरू केलेल्या गोष्टींना तोटा नव्हता आणि संपवलेली गोष्ट अजून कुणाच्या पाहण्यात आली नव्हती. ऑफिसातले प्रोग्रॅम तो इमानेइतबारे पुरे करायचा, कारण तिथे डोक्यावर साहेब होता. पण घरी मागच्या खोलीत, स्वतःच्या हौसेचं काही लिहायला बसला की विचारणारं कुणी नसे, आणि तिथेच घोडं पेंड खाई.

दर वर्षअखेरीला तो आपल्या वेबसाइटवर ऐसपैस लेख टाकायचा: या वर्षी मी हौसेखातर काय काय बनवलं आणि त्यातून काय शिकलो. ‘शिकलो’ हा शब्द भलताच सोयीचा आहे. जे बनलं नाही, ते सगळं त्यात मावतं.

त्या रविवारी सकाळी तो लेखाच्या शेवटाशी आला होता. बायको त्याच खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, कारण घरात ऊन काय ते तिथेच यायचं. भिंतीला टेकून एक नवी कोरी घडीची खाट उभी होती, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच. ती आणली होती त्याच्या वडिलांसाठी.

वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. उभा जन्म कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून देण्यात गेला. आई गेल्यापासून ते दुसऱ्या गावी एकटेच राहत. सुनेने महिनोन्‌महिने त्यांच्या मागे लागून लागून वर्षअखेरीला कायमचं इकडे यायला त्यांना राजी केलं. खाट आली, मागची खोली रिकामी करायचं ठरलं. आणि मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, “राहू दे. मी इथेच बरा आहे.” का, ते काही केल्या सांगेनात.

शुभारंभाला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं, कारण खोली वाचली होती. बायकोच्या मनातून मात्र ते जात नव्हतं.

“माणूस असा मधेच फिरत नाही,” ती आताही म्हणाली. “काहीतरी लागलंय त्यांच्या मनाला. तू विचार एकदा.”

“विचारतो. एवढा लेख झाला की.”

“वर्षभर हेच ऐकतेय. एवढं झालं की, तेवढं झालं की.”

“ऐक तर आधी, काय लिहिलंय ते.”

बायकोने ऐकलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि घड्या घालता घालता ऐकायला काही वेगळे कष्ट पडत नव्हते. पहिला मान मोजे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा होता. धुतलेल्या मोज्यांचा फोटो काढला की तो जोड्या लावून देणार होता. त्याने घरातले सगळे काळे मोजे एकमेकांचे जोडीदार ठरवले आणि तिथेच हात टेकले. मग घरातल्या पुस्तकांची सूची. ती बोधचिन्हाचा रंग ठरवण्यात अडकली ती अडकलीच. मग अर्धवट राहिलेल्या कामांची आठवण करून देणारा प्रोग्रॅम. तो कुठवर आला होता, हे शुभारंभाला नीटसं आठवत नव्हतं.

“आणि आता खरी गंमत,” तो खुर्चीत सावरून बसला. “ते पाण्याचं आठवतं का तुला?”

तिला आठवत होतं. म्हाताऱ्या माणसांना पाणी प्यायचं भान राहत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. रोज सकाळी मोबाइलवर घंटी वाजणार, पान उघडणार, “पाणी प्यायलात का?” असा आवाज येणार, आणि खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन ठळक बटणं. आवाज कुणा गोड गळ्याच्या बाईचा घ्यायचा होता. तोवर तात्पुरता म्हणून त्याने स्वतःचाच भरून ठेवला, आणि पुढे तोच राहिला.

“लोकांनी उतरवून घेतलं आणि चार दिवसांत काढून टाकलं,” तो म्हणाला. “पण एक गिऱ्हाईक टिकून होतं. रोज. मी मनातून खूश होतो, म्हटलं, एक का होईना, माणूस आहे. मग या लेखासाठी आकडे नीट बघितले, तर तो बॉट निघाला.”

“म्हणजे?”

“माणसाचं सोंग घेऊन वेबसाइटवर फिरणारं यंत्र. इंटरनेटवर ढिगानं असतात.”

“यंत्र आहे हे तुला कसं कळलं?”

“अगं, रोज सकाळी यायचं, घंटी वाजल्या वाजल्या. ‘हो’ दाबायचं आणि जायचं. एकदाही ‘नाही’ म्हणून नाही. माणूस इतका नेमाचा असतो का? घातली त्याला बंदी. आता आला की पाटी दिसते त्याला. वाक्य मीच लिहिलंय, लेखातही टाकलंय.” स्वतःच्या विनोदावर तो आधीच हसायला लागला होता.

“कधीच चुकलं नाही ते?”

“मधे एकदा आठवडाभर गायब होतं. ऑगस्टच्या शेवटी. पडलं असेल बंद.”

बायकोच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला.

“ऑगस्टच्या शेवटी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,” ती म्हणाली. “मीच होते तिकडे. आठवडाभर मोबाइलकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो मी माझ्या पर्समध्ये ठेवला होता, बंद करून.”

शुभारंभाने आकड्यांमधल्या तारखा पुन्हा बघितल्या.

“मे महिन्यात तू त्यांच्या मोबाइलवर काहीतरी टाकून आला होतास.”

टाकलं होतं खरं. अक्षरं पुरेशी मोठी आहेत का, एवढंच बघायचं होतं. “दिसतंय का, बाबा?” त्याने विचारलं होतं. “दिसतंय,” ते म्हणाले होते. चाचणी यशस्वी झाली आणि तो साफ विसरून गेला.

“आणि ते ‘हो’ म्हणायचे, ते कुठे जायचं?” बायकोने विचारलं.

“कुठेच नाही. पान उघडलं, बटण दाबलं, एवढीच नोंद व्हायची. उत्तर कुणाला तरी कळवायचं, तो भाग लिहायचा राहिला होता.”

“आणि बंदी कधी घातलीस?”

“मागच्या महिन्यात.”

“पाटीवर काय लिहिलंय?”

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने वाकून मोठ्याने वाचलं, “तुम्ही माणूस आहात असं वाटत नाही. कृपया पुन्हा येऊ नये.”

शरमेने त्याचे कान तापले. आणि अशा वेळी प्रोग्रॅमर जे करतो तेच त्याने केलं: कीबोर्ड पुढे ओढला.

“काय करतोयस?”

“बंदी काढतोय. एका ओळीचं तर काम आहे.”

“फोन कर.”

“आधी हे एवढं—”

“फोन,” बायको म्हणाली.

वडिलांनी नेहमीसारखा लगेच उचलला. “बोला.”

“बाबा, मी बोलतोय. ते पाणी विचारणारं होतं ना, तुमच्या मोबाइलवर—”

“हं. ते बंद झालं.”

“तुम्ही रोज दाबत होता ते?”

“म्हणजे काय. तू रोज विचारायचास. घंटी वाजली की उत्तर द्यायचं, जन्म गेला माझा त्यात. पलीकडे माणूस खोळंबलेला असतो.” ते जरा थांबले. “मग एक दिवस ते तसलं आलं. म्हटलं, असेल बुवा. कंटाळला असशील. तोंडावर सांगता येत नाही, म्हणून मशीनकडून कळवलंस. मी काही मनाला लावून घेतलं नाही.”

त्यांनी किती मनाला लावून घेतलं होतं, ते भिंतीला टेकून उभं होतं. शुभारंभाने तिकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

“चूक झाली, बाबा. ते तुम्हाला नव्हतं. मला वाटलं, मशीनच आहे कुठलंतरी.”

“मशीन?” म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं. “मी असं काय केलं?”

“तुम्ही रोज येत होता,” शुभारंभ म्हणाला. “ऑपरेशनचा आठवडा सोडला तर एक दिवस चुकवला नाहीत. मला वाटलं, माणूस असं करत नाही.”

मग जन्मभर ज्याची काळजी वाहिली तेवढंच वडिलांनी विचारलं, “पण माझं ‘हो’ तुला पोचत होतं ना?”

खोलीत बायको होती, उन्हात घड्यांची चळत होती, आणि समोर तो लेख होता, ज्यात यंदा काय शिकलो ते सविस्तर लिहिलेलं होतं.

“हो,” शुभारंभ म्हणाला.

बायकोने मान वर केली नाही. खोटं होतं, पण ते खोडून काढायला ती काही मधे आली नाही.

“मग झालं तर,” वडील म्हणाले. आवाज एकदम सैल झाला होता.

“बाबा, आज पाणी प्यायलात का?”

“नाही,” वडील म्हणाले. साऱ्या वर्षातलं हे त्यांचं पहिलं ‘नाही’. “महिना झाला, सकाळचं राहूनच जातं. थांब हां, पिऊन येतो. ठेवू नकोस.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग सपातांचा, लांब जाणारा. कुठेतरी नळ सुटला. शुभारंभ फोन कानाला धरून बसून राहिला. लेख तसाच अर्धवट ठेवून स्क्रीन काळा पडला, तरी त्याने हात लावला नाही. मागे बायको खाटेवरचं प्लॅस्टिक फाडायला लागली, तेव्हा त्याने हाताने खूण केली, जरा हळू. पलीकडून पावलं परत येत होती आणि ती त्याला नीट ऐकायची होती.