इन्स्पेक्टरबाईंचे शर्ट

चष्म्याच्या त्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईंना सगळे इन्स्पेक्टरबाई म्हणायचे. पोलिसांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. गेली सोळा वर्षं त्या गडद रंगाचा कॉलरवाला शर्ट आणि ढगळ पँट घालून कामाला येत, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, एवढंच कारण. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण बाईंना ते मनापासून आवडायचं. सकाळी आरशासमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या की झाल्या तयार.

मग मालकांच्या सूनबाई दुकानात लक्ष घालायला लागल्या. त्यांना सगळे धाकट्या मॅडम म्हणत. मॅडम हुशार होत्या, बोलायला गोड होत्या आणि त्यांना व्हिडिओंचा भारी नाद होता. "आपली माणसं लोकांना दिसली पाहिजेत," म्हणत त्यांनी एकदा तपासणीच्या खोलीत फोन उभा केला आणि बाईंना काम करताना टिपलं. व्हिडिओ खूप लांबवर फिरला. खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, "मशीन दुरुस्त करायला आलेत का हे काका?" तिला तीनशे लोकांनी हसून दाद दिली होती.

बाईंनी ती जेवायच्या सुट्टीत वाचली. डबा तसाच झाकून ठेवला. दुपारभर नेहमीसारखं विचारत राहिल्या, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" पण समोरच्याचं उत्तर दोनदा ऐकावं लागत होतं.

संध्याकाळी बसमध्ये फोन उघडला, तर समोर झालरींचा गुलाबी टॉप घालून एक बाई खळखळून हसत होती. खाली लिहिलेलं, 'शेवटचे दोनच शिल्लक'. फोनला मनातलं कसं कळतं कोण जाणे! बाईंनी बटण दाबलं. उतरायचा थांबा आला तेव्हा त्यांना चक्क हलकं वाटत होतं.

ते हलकेपण पार्सल फोडेपर्यंत टिकलं. मग दुसरं पार्सल आलं, मग तिसरं. कधी बसमध्ये, कधी दवाखान्यात नंबर येईपर्यंत, कधी कुकरची शिट्टी होईस्तोवर, बाईंचा अंगठा काही स्वस्थ बसेना. तीन महिन्यांत पलंगाखालचा कप्पा गच्च भरला.

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती एकदा चादर काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आई, हे सगळं कुणाचं?"

"माझं."

"तुझं? हे?" तिने पिसांची कॉलर असलेलं काहीतरी दोन बोटांत उचललं.

"का? मला शोभणार नाही?"

मुलीने ते परत ठेवलं. आईच्या आवाजाला धार चढली की वाद घालायचा नाही, हे ती अनुभवाने शिकली होती.

बाई नवे कपडे घालून कामाला जायला लागल्या. दिवसभर गळा मागे ओढायचा, खांद्यावरून घसरलेलं वर घ्यायचं, बसताना पुढून सावरायचं. पण धाकट्या मॅडम म्हणाल्या, "ताई, आता कशा गोड दिसताय!" बाई त्या एका वाक्यावर दोन दिवस तरंगल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोन टॉप मागवले.

असंच चालू राहिलं असतं, पण एका मंगळवारी आजोबा आले. छापखान्यात आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर सहा महिन्यांनी तपासायला यायचे. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसराही अधू. ते तपासणीच्या खोलीच्या दारातच थबकले.

"आपल्या ताई नाहीत का आज?"

"मीच आहे, आजोबा. या ना."

"आवाज तर तोच आहे," ते म्हणाले आणि चाचपडत खुर्चीत बसले. "रागावू नका हं. मला चेहरे कुठे दिसतात? दारातून गडद निळा चौकोन दिसला की मी समजायचो, ताई आहेत, आता घाबरायचं कारण नाही. आज तिथे गुलाबी ढग बसलाय."

बाई हसल्या. हसता हसताच त्यांनी भिंग घ्यायला हात लांब केला. बाहीची झालर भिंगांच्या पेटीच्या कोपऱ्यात अडकली. हात मागे घेतला तशी पेटीही मागोमाग आली आणि सगळी भिंगं खळकन जमिनीवर सांडली.

"काय पडलं?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. ढग फुटला," बाई म्हणाल्या.

आजोबांना त्यांनी दुसऱ्या पेटीवर तपासलं, नंबर काढून दिला, हाताला धरून दारापर्यंत सोडलं. मग जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि दोन तास भिंगं उचलत राहिल्या. लाल कडेची एकीकडे, काळ्या कडेची दुसरीकडे, एकेक उजेडात धरून नंबर वाचायचा आणि खाचेत बसवायचं. पाच तडकली होती. बाही कोपरापर्यंत उसवली होती. सुरुवातीला बाईंना रडू येत होतं. अर्धी पेटी लागेपर्यंत त्याचा राग झाला होता. राग झालरीवरही नव्हता आणि त्या प्रतिक्रियेवरही नव्हता. कुठल्या तरी अनोळखी माणसाने एक वाक्य फेकलं, आणि आपण आपलं सगळं गुंडाळून बाजूला सारलं, याचा तो राग होता.

रविवारी सकाळी त्यांनी कप्पा पलंगावर उपडा केला. "बस इथे," मुलीला म्हणाल्या, "आणि खरं बोल."

"खरं? नक्की?"

"नक्की."

मुलगी मांडी ठोकून बसली. बाई एकेक कपडा अंगात घालून समोर उभ्या राहायच्या, हात वर करायच्या, खाली बसायच्या, उठायच्या.

"यात तू वाढदिवसाच्या केकसारखी दिसतेस."

"पुढे."

"हा छान आहे, पण तो घालून तू श्वास घेत नाहीयेस."

"पुढे. अगं, याची चेन पाठीवर! मला काय पाठीला हात आहेत?"

हसून हसून दोघींची मुरकुंडी वळली. शेवटी विटकरी रंगाचा एक साधा कोट तेवढा राहिला. तो घालून बाई आरशासमोरून हलल्याच नाहीत, तेव्हा मुलगी म्हणाली, "हा तुझा आहे." बाकीच्यांतले परत जाण्यासारखे होते ते परत गेले, उरलेले ज्यांना शोभतील त्यांना वाटून टाकले. खरेदीचं ॲप बाईंनी त्याच दिवशी काढून टाकलं.

आठ दिवसांनी ते पुन्हा घेतलं. खोटं कशाला सांगायचं? सवय अशी एका रविवारात जात नसते. पण बटण दाबायच्या आधी बाई थांबल्या आणि फोन पालथा घातला. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहिलं, 'पिवळा, फुग्याच्या बाह्या', शेजारी तारीख टाकली. दोन आठवडे थांबायचं, तरीही हवासा वाटला तर घ्यायचा. दोन आठवड्यांनी त्यांनी ते वाचलं आणि तो टॉप कसा होता हेच त्यांना आठवेना. मग ती यादी वाढत गेली आणि खोडली जात राहिली.

पुढच्या महिन्यात दुकानाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. धाकट्या मॅडमनी सगळ्या बायकांसाठी एकसारखे फिकट जांभळे झालरीचे टॉप आणले. नवा व्हिडिओ करायचा होता. बाईंनी टॉप हातात घेतला, नीट घडी घातली आणि परत दिला.

"मी माझ्या शर्टातच येईन, मॅडम."

"अहो ताई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

"एका दिवसाचा नाही. तीन महिने करून पाहिलंय मी."

मॅडमनी आवाज खाली आणला. "लोक परत काहीबाही लिहितील. तुमच्यासाठीच सांगतेय."

"लिहू देत. काका म्हणाले ना? म्हणू देत. या काकांनी सोळा वर्षांत एकालाही चुकीचा नंबर दिलेला नाही. तेवढं खाली लिहा."

बाकीच्या बायका कपाटं पुसायला लागल्या. काही पुसण्यासारखं नव्हतं तरी.

"मग तुम्हाला व्हिडिओत घेता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नका घेऊ. बाहेर चार जण ताटकळलेत, मी आत जाते."

व्हिडिओ बाईंशिवाय झाला. पंधरा दिवस मॅडम त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या, आंबट चेहरा करून. बाईंना ते लागलं नाही असं नाही. पण त्यांनी मनाची समजूत घालायला एकही नवा कपडा मागवला नाही.

जुने शर्ट मात्र खरोखरच विरले होते. म्हणून एका सुट्टीच्या सकाळी त्या मुलीला घेऊन कापडाच्या दुकानात गेल्या. गल्ल्यापाशी उभ्या विक्रेत्याने न विचारताच बोट वर केलं. "लेडीज वरच्या मजल्यावर."

"मला इथलंच बघायचंय," म्हणत बाईंनी ठाणांवरून हात फिरवला. एकेक कापड चिमटीत धरून चुरगळलं, सोडलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. तासभर लावला. शेवटी बाटलीहिरवं जाड सुती कापड घेतलं. हा रंग त्यांनी आजवर कधीच वापरला नव्हता.

समोरच्याच गल्लीत शिंपी होता. त्याने मापं घेतली, पेन्सिल कानामागे खोचली आणि आपुलकीने सुचवलं, "कमरेत जरा आत घेऊ का? बाईमाणूस दिसाल."

मुलीने आईकडे बघितलं.

"बाईमाणूसच आहे मी," बाई म्हणाल्या. "सरळ शिवा."